शिमानो १०५ आर७००० क्रँकसेट: माल चोख, पण आधी मापं

रोड बाइकचा क्रँकसेट, म्हणजे पेडलचे दोन क्रँक आणि पुढच्या दातेरी रिंगा, बदलायचा म्हटलं की लोक आधी रंग बघतात, मग वजन, मग दाते. बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे फ्रेममधल्या ज्या बेअरिंगवर क्रँक फिरतो त्याची, आठवण होते ती खोकं उघडून क्रँक फ्रेमला लावून बघताना. शिमानोचा १०५ एफसी-आर७००० हा ११ स्पीडचा, म्हणजे मागे ११ गिअर असलेल्या बाइकचा, क्रँकसेट २०१८ साली आला, आणि बदली क्रँक म्हणून इतका कमी कटकटीचा दुसरा सुचवणं अवघड आहे. त्याच्याबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, म्हणजे चेन घासते, खालून आवाज येतो, डावा क्रँक हलतो, त्यातल्या बहुतेकांचं मूळ क्रँकमध्ये सापडत नाही. फ्रेमचं माप घेतलेलं नसतं किंवा बसवताना एक पायरी गाळलेली असते. त्यामुळे या परीक्षणात क्रँकच्या कौतुकापेक्षा व्हर्नियर कॅलिपरचं काम जास्त आहे.

खोक्यात काय येतं ते आधी. उजवा क्रँक आणि त्यात कायमचा बसवलेला २४ मिमी व्यासाचा पोकळ पोलादी स्पिंडल (दोन्ही क्रँक जोडणारा आस), दोन चेनरिंग, डावा क्रँक, त्याची प्लास्टिकची टोपी. बॉटम ब्रॅकेट यात नसतो, तो वेगळा घ्यायचा. लांब्या १६०, १६५, १७०, १७२.५ आणि १७५ मिमी. दात्यांच्या जोड्या ५०-३४, ५२-३६ आणि ५३-३९. चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून दोन चेनरिंगच्या मधल्या फटीपर्यंतचं अंतर, ४३.५ मिमी; दोन क्रँकच्या बाहेरच्या पृष्ठभागांमधलं अंतर, म्हणजे क्यू फॅक्टर, १४६ मिमी. ५०-३४ च्या जोडीचं वजन ७०० ग्रॅमच्या किंचित वर जातं. या किमतीच्या वर्गात ते चांगलंच आहे, पण वजनासाठी हा घेऊ नका. घ्यायचा तो शिफ्टिंगसाठी. पुढचे दाते बदलताना चेन मोठ्या रिंगवर ज्या सहजतेने चढते, ती त्या जाड, ताठ बाहेरच्या रिंगची करामत आहे. स्वस्त, पातळ रिंगा जोरात पेडल मारताना किंचित वाकतात आणि चेन मध्येच अडखळते. इथे तसं होत नाही.

आता फ्रेम. बॉटम ब्रॅकेट जिथे बसतो त्या नळीला शेल म्हणतात, आणि सगळा खेळ शेलची रुंदी व आतला व्यास या दोन आकड्यांचा आहे. जुना क्रँक आणि शेलच्या दोन्ही तोंडांना बसणारे बेअरिंगचे कप काढल्याशिवाय हे माप खरं येत नाही. कप लावलेले असताना रुंदी मोजली तर कपांच्या कडांची जाडी त्यात मिसळते, आणि ६८ मिमीचा शेल उगाच मोठा वाटतो. कप काढा, कडांवरचं ग्रीस आणि मळ पुसा, व्हर्नियरने तीन ठिकाणी रुंदी घ्या. तिन्ही आकड्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आला तर कडा समांतर नाहीत किंवा रंगाचा थर एकीकडे जाड आहे. अशा शेलवर नवे कप एकमेकांशी तिरके बसतात आणि बेअरिंग लवकर जातं. कडा आधी कटरने सरळ करून घ्याव्या लागतात. ते कटर घरी नसतं, ते काम वर्कशॉपचं.

शेलला आतून आटे असतील तर बहुधा तो बीएसए असतो: रुंदी ६८ मिमी, कपाच्या आट्यांचा व्यास १.३७ इंच म्हणजे जवळपास ३४.८ मिमी, इंचाला २४ आटे. यात उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. उजवा कप काढायचा तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. हे विसरून लांब पान्ह्यावर उभं राहिलेल्या माणसाने कप आणखी आवळलेला असतो. रुंदी ७० मिमी आणि कपाचा व्यास ३६ मिमी आला तर तो इटालियन, आणि त्यात दोन्ही बाजूंचे आटे सरळच असतात. त्यामुळे इटालियन शेलमध्ये उजवा कप चालता चालता सैल होण्याची खोड असते; आटे स्वच्छ करून पूर्ण टॉर्कने आवळणं हाच त्यावर इलाज. बीएसए कप इटालियन शेलमध्ये सैलसर सरकतो, इटालियन कप बीएसएमध्ये शिरतच नाही. पहिली चूक जास्त घातक, कारण ‘बसतोय की’ असं वाटतं. टी४७ प्रकारात भोक खूप मोठं, ४७ मिमीचे आटे, तो नजरेलाच कळतो.

आटे नसतील तर शेल प्रेसफिट आहे, आणि इथे नावांचा गोंधळ उडतो. नावं सोडा, आकडे बघा. आतला व्यास ४१ मिमी आणि रुंदी ८६.५ मिमी म्हणजे बीबी८६. शिमानोच्या २४ मिमी स्पिंडलसाठी हा शेल अगदी घरचा आहे, सरळ प्रेसफिट कप दाबायचे. ४२ मिमी आणि ६८ मिमी म्हणजे बीबी३०, ज्यात आत सर्क्लिपच्या खाचा दिसतात. ४६ आणि ६८ म्हणजे पीएफ३०. ४६ आणि ८६.५ म्हणजे बीबी३८६. शेवटच्या तिन्हींत आर७००० बसतो, पण २४ मिमीच्या स्पिंडलसाठी बनवलेला बॉटम ब्रॅकेट किंवा अडॅप्टर लागतो. ४२ आणि ४१ मधला एक मिलिमीटर टेपने कळत नाही. व्हर्नियरचे आतले जबडे वापरा आणि दोन दिशांना माप घ्या, कारण कार्बनचा शेल दाबून-काढून कधी कधी लंबगोल झालेला असतो.

२४ मिमीचा स्पिंडल जुनाट वाटतो, पण बदली क्रँकसाठी तो वरदान आहे. बारीक स्पिंडल मोठ्या भोकात अडॅप्टरने बसवता येतो. ३० मिमीचा स्पिंडल बीबी८६ च्या ४१ मिमी भोकात बसवायचा तर बेअरिंगच्या गोळ्यांना जागाच उरत नाही, त्या अगदी लहान घ्याव्या लागतात आणि लवकर झिजतात. एसरॅमचा डब स्पिंडल २८.९९ मिमीचा, कॅम्पाग्नोलोचा अल्ट्रा-टॉर्क २५ मिमीचा. ते क्रँक वाईट नाहीत, पण त्यांच्याबरोबर त्यांचाच बॉटम ब्रॅकेट घ्यावा लागतो. तुमच्या बाइकवर आधीपासून शिमानोचा होलोटेक-२ क्रँक असेल, अगदी १० स्पीडच्या ५६०० किंवा ५७०० च्या पिढीतला, तर स्पिंडल तोच २४ मिमीचा. बेअरिंग बोटाने फिरवून बघा. गुळगुळीत फिरलं तर बॉटम ब्रॅकेट तसाच ठेवता येतो. किरकिर लागली किंवा वाळूसारखं जाणवलं तर क्रँकबरोबरच बदला, दोनदा उघडझाक कशाला.

जुना क्रँक चौकोनी टेपरचा, म्हणजे निमुळत्या चौकोनी टोकाच्या स्पिंडलवर बसणारा, असेल तर स्पिंडलसकट सगळं काढायचं आहे. मधला बोल्ट काढला की क्रँकच्या भोकात एम२२ चे आटे दिसतात. त्यात पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) पूर्ण खोल बसवा. दोन-तीन आट्यांवर पुलर धरून ओढला की ते आटे उखडतात आणि मग क्रँक काढायला करवत लागते. बोल्टखाली वॉशर राहून गेला असेल तर पुलर खोल जातच नाही, म्हणून आत टॉर्च मारून बघा. ऑक्टालिंक किंवा आयसिस या जुन्या प्रकारांच्या पोकळ स्पिंडलला रुंद टोकाचा पुलर लागतो. बारीक टोकाचा सरळ स्पिंडलच्या आत घुसतो.

लांबीवर फार चर्चा होते, तेवढी गरज नाही. जुन्या क्रँकच्या मागे, पेडलच्या भोकाजवळ आकडा कोरलेला असतो. पुसला गेला असेल तर स्पिंडलच्या मध्यापासून पेडलच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. पेडल काढून मोजलं तर बरं, नाहीतर भोकाचा मध्य अंदाजाने धरावा लागतो आणि पायऱ्या तर २.५ मिमीच्याच आहेत. चालू लांबीवर गुडघा किंवा कंबर कुरकुरत नसेल तर तीच घ्या. उंचीवरून लांबी काढायची सूत्रं अनेक आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. बदलायचीच तर बहुतेकांना आखूड क्रँक मानवतो: १७२.५ वरून १७० वर आलात तर सीट २.५ मिमी वर घ्या, म्हणजे खाली पाय पूर्वीइतकाच ताणला जातो आणि वरच्या टोकाला गुडघा सीटच्या तुलनेत ५ मिमी कमी उचलला जातो. सीट वर घ्यायला विसरलात तर सगळा फायदा वाया. पॉवर मीटरचा डावा क्रँक जुन्या सेटवरून आणणार असाल तर दोन्ही बाजूंची लांबी वेगवेगळी तपासा. १७० आणि १७२.५ शेजारी धरले तरी डोळ्यांना फरक दिसत नाही.

दात्यांचं गणित मात्र करून ठेवावं. २५ मिमी टायरच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. मागे ११-३० ची कॅसेट (११ ते ३० दात्यांच्या चक्रांचा संच) धरली तर ३४ च्या रिंगवर सगळ्यात हलक्या गिअरला पेडलच्या एका फेरीत बाइक सुमारे २.४ मीटर जाते, ३६ वर २.५ मीटर. वरच्या टोकाला ५०-११ ला एका फेरीत साडेनऊ मीटरच्या आसपास, म्हणजे मिनिटाला ९० फेऱ्यांवर ताशी ५१-५२ किमी. ५३-११ ला तोच वेग ताशी ५५ च्या जवळ जातो. सपाटीवर ताशी ५२ नेटाने धरून ठेवणारे किती आहेत, हे ज्याचं त्याने ठरवावं. चढाच्या रस्त्यांवर फिरणाऱ्याने ५०-३४ च घ्यावा, आणि ५३-३९ फक्त शर्यतीत गटाबरोबर पळणाऱ्यांनी. ५२-३६ ही मधली जोडी लोकप्रिय आहे, पण बऱ्याच वेळा ती पाय बघून घेतलेली नसते, रिंगचा आकार बघून घेतलेली असते.

रिंगा धरणाऱ्या पाच दांड्यांच्या जुन्या क्रँकवर ३४ ची रिंग का लावता येत नाही, हा प्रश्न इथेच येतो. तो क्रँक १३० मिमी बोल्ट सर्कलचा (रिंगच्या बोल्टांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) असेल तर आतल्या रिंगला ३८ पेक्षा कमी दाते ठेवताच येत नाहीत; बोल्ट चेनच्या वाटेत येतात. तुमचा क्रँक कोणता हे बघायला शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर मोजा: ७६.४ मिमी आलं तर १३०, ६४.७ आलं तर ११०. पाच दांड्यांच्या क्रँकला हे अंतर १.७ ने गुणलं की सर्कलचा व्यास मिळतो. आर७००० चार दांड्यांचा आहे आणि ते दांडे समान कोनांवर नाहीत, म्हणून हे गुणाकाराचं सूत्र इथे चालत नाही. त्याचं सर्कल ११० मिमी आहे आणि तिन्ही जोड्या त्याच दांड्यांवर बसतात. आज ५२-३६ घेऊन पुढच्या वर्षी ५०-३४ लावायचं तर क्रँक बदलावा लागत नाही. पण जुन्या पाच बोल्टांच्या ११० च्या रिंगा यावर लागत नाहीत, सर्कलचा आकडा सारखा दिसला तरी.

ही या क्रँकची एक खरी खोट. बाहेरच्या रिंगचा आकार क्रँकच्या दांड्यांशी जुळवून घडवलेला आहे, बोल्ट मागून येऊन थेट रिंगमध्ये आवळले जातात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या सपाट रिंगा लावल्या तर त्या चालतात पण सांधा उघडा पडल्यासारखा दिसतो. मूळ बाहेरची रिंग झिजल्यावर घ्यायला गेलं की ती महाग पडते. आतली रिंग आणि बाहेरची रिंग जोडीनेच घ्या; ५२ बरोबर ३४ लावून १८ दात्यांचा फरक केला तर पुढचा डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) तो पेलत नाही. त्याची मर्यादा १६ ची आहे.

चेनलाइन मोजायची रीत सोपी आहे. सीट ट्यूबचा व्यास घ्या, त्याचा अर्धा करा, त्यात ट्यूबच्या उजव्या कडेपासून दोन चेनरिंगच्या मधल्या फटीपर्यंतचं आडवं अंतर मिळवा. समजा सीट ट्यूब २८.६ मिमीची आहे, अर्धा १४.३, आणि कडेपासून फटीपर्यंत २९.२ भरलं तर चेनलाइन ४३.५. एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो. तीन-चार मिलिमीटर जास्त आला तर स्पेसर चुकीचा लागलाय किंवा बॉटम ब्रॅकेट भलताच आहे. यासाठीच ग्रॅव्हलचा ४६-३० चा जीआरएक्स आरएक्स६०० क्रँक रोडच्या डिरेलरबरोबर घेऊ नये असा आमचा आग्रह: त्याची चेनलाइन ४६.९ मिमी आहे आणि रोडचा डिरेलर मोठ्या रिंगपर्यंत नीट पोचत नाही. हलका गिअर हवा म्हणून लोक तो उचलतात आणि मग डिरेलरला दोष देतात.

५३ वरून ५० वर आलात तर रिंगची त्रिज्या ६ मिमीने घटते, दर दात्याला साधारण २ मिमी. डिरेलर तितका खाली आणावाच लागतो. बाहेरच्या पट्टीच्या तळात आणि रिंगच्या सगळ्यात उंच दात्यात १ ते ३ मिमी फट हवी. २ मिमीची अ‍ॅलन की मधून सरकवून बघा, ती घासून गेली पाहिजे. डिरेलर ब्रेझ-ऑन, म्हणजे फ्रेमवरच्या कायमच्या कानावर बसणारा, असेल तर त्याच्या खाचेत ६ मिमी खाली जायला जागा आहे का, हे क्रँक मागवण्याआधी बघा. काही फ्रेमवर ती खाच ५२-५३ साठीच कापलेली असते.

चेनची लांबी उलट दिशेला जास्त महत्त्वाची. मोठी रिंग लहान केली तर चेन थोडी सैल पडते, बहुतेक वेळा मागचा डिरेलर ती ओढून घेतो. मोठी रिंग आणखी मोठी केली आणि चेन तीच ठेवली, तर पुढे मोठी-मागे मोठी या जोडीला चेन ताणून डिरेलरचा हँगर तुटू शकतो. त्या जोडीवर हाताने पेडल फिरवून आधी तपासा. मागच्या डिरेलरची एकूण क्षमताही बघा: आर७००० चा आखूड पिंजरा (चेन ताणून धरणारा भाग) ३५ दाते पेलतो, लांब पिंजरा ३९. ५०-३४ चा फरक १६, ११-३० चा १९, बेरीज ३५, म्हणजे आखूड पिंजऱ्यावर काठोकाठ. ११-३२ घेतलात की लांब पिंजरा हवाच. आणि जुनी ताणलेली चेन नव्या रिंगांवर चढवू नका. गेजवर अर्धा टक्का दाखवत असेल तर ती आधी काढून टाका.

बसवताना बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात, म्हणून तेवढं सविस्तर. बीएसए शेलला आट्यांवर ग्रीस लावून कप हाताने पूर्ण फिरवा, मग ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळा. शिमानोच्या बीबीआर६० बॉटम ब्रॅकेटचे कप जुन्या कपांपेक्षा लहान आहेत, ४४ मिमीचा जुना पान्हा त्यांच्यावर घसरतो आणि खाचा खरवडतो. ४१ मिमीचा पान्हा किंवा अडॅप्टर लागतो. स्पिंडलला ग्रीस लावून उजवीकडून ढकला, शेवटी रबरी हातोडीने हलके ठोके. डाव्या क्रँकच्या आतल्या दात्यांपैकी एक रुंद आहे, तो स्पिंडलवरच्या रुंद खाचेत गेला पाहिजे, नाहीतर क्रँक १८० अंशांवर येणारच नाही. मग प्लास्टिकची टोपी. तिचं काम फक्त बाजूचा प्ले काढायचं आहे, टॉर्क ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर, म्हणजे दोन बोटांनी फिरेल तेवढाच. पक्कड लावून आवळली तर बेअरिंग बाजूने दाबलं जातं आणि काही महिन्यांत खरखरतं.

टोपीनंतर डाव्या क्रँकच्या फटीतली छोटी प्लास्टिकची पट्टी खाली दाबायची. तिच्यावरची पिन स्पिंडलमधल्या भोकात ‘टक’ करून बसली पाहिजे. नाही बसली तर समजा की क्रँक पूर्ण आत गेलेलाच नाही. टोपी काढा, पुन्हा ढकला. पिन वर राहिलेली असताना बोल्ट आवळून निघालेल्यांचाच डावा क्रँक पुढे सैल होतो आणि स्पिंडलचे दाते खातो. शेवटी दोन्ही ५ मिमी अ‍ॅलनचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत. पहिला पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर पहिला पुन्हा सैल झालेला असतो. टॉर्क रेंच नसेल तर या कामापुरता तरी मिळवा. पेडलच्या आट्यांनाही ग्रीस, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.

वापरलेला क्रँक घेत असाल तर स्पिंडलवर बेअरिंग बसतं त्या जागेवरून नख फिरवा. चमकदार पट्टा दिसला तर हरकत नाही. नख अडकलं, म्हणजे खाच पडलेली आहे, तर तो सोडून द्या, नवं बेअरिंगही त्यावर हलेल. पेडलच्या भोकाभोवती आणि दांड्यांच्या बेचक्यात ओल्या फडक्याने पुसून चीर शोधा. स्वस्तात मिळणारा शिमानोच्याच वरच्या श्रेणीतला जुना अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस घेताना आणखी सावध राहा: सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने जुलै २०१९ पूर्वी बनलेल्या ११ स्पीडच्या ६८००, ९०००, आर८००० आणि आर९१०० मालिकेतल्या क्रँकची तपासणी जाहीर केली, कारण त्यांचे चिकटवलेले दोन भाग सुटू शकतात. जगभरात अशा क्रँकची संख्या सुमारे २८ लाख. क्रँकच्या मागच्या बाजूला दोन अक्षरांचा कोड असतो, तो कंपनीच्या यादीशी ताडून बघा. १०५ आर७००० त्या यादीत नाही, आणि अशा क्रँकच्या जागी तो त्याच २४ मिमी बॉटम ब्रॅकेटमध्ये सरळ बसतो.

आरएस५१० हा स्वस्त पर्याय त्याच स्पिंडलचा आहे, क्रँकचे हात भरीव आणि जड. रोजच्या येण्याजाण्याच्या बाइकला तो पुरतो. १२ स्पीडची १०५ २०२२ साली आली, तिच्या क्रँकची चेनलाइन ४४.५ मिमी आहे, म्हणून ११ स्पीडच्या बाइकवर ११ चाच घ्या. १० स्पीडवर आर७००० चालतो, पुढच्या डिरेलरचे लिमिट स्क्रू मात्र पुन्हा लावावे लागतात.

काळ्या रंगाचा क्रँक टाचेच्या घासण्याने महिन्याभरात चंदेरी दिसायला लागतो, चंदेरी रंगावर ते ओरखडे उठून दिसत नाहीत. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर डावीकडचे दोन्ही बोल्ट रेंचने पुन्हा तपासा. नंतर कधी पेडलच्या लयीत कटकट आली तर लगेच बॉटम ब्रॅकेट उघडू नका: आधी पेडलचे आटे, मग चेनरिंगचे टी३० टॉर्क्स बोल्ट, मग सीटपोस्ट. उभं राहून पेडल मारल्यावर आवाज थांबला तर तो सीटपोस्टचाच.